पहिला की दुसरा

डब्याचं झाकण उघडून तिने सवयीने नाक आत घातलं, आणि काहीच झालं नाही. दुसरा डबा उघडला, त्यातही नाक घातलं, तिथेही तेच. स्टीलचे दोन डबे, एका मापाचे, एकाच दुकानातून एकाच दिवशी आणलेले. एकात ओट्सचं पीठ होतं आणि एकात बदामाची पूड. सकाळच्या उजेडात दोन्ही सारखीच पांढुरकी, सारखीच जाडसर, आणि दोन्ही तिच्याकडे बघत गप्प बसलेली. ताप येऊन गेला त्याला आता बरेच दिवस झाले होते. ताप साधाच होता, अंगावरच काढला होता, पण जाताना तो तिचं नाक घेऊन गेला. तरी रोज सकाळी एकदा तरी ती हे विसरायचीच. मान आपसूक खाली वाकायची, श्वास आपसूक आत ओढला जायचा, आणि मग रिकाम्या खोलीत शिरून कुणाला तरी हाक मारल्यासारखं व्हायचं. घरात कुणाला तिने हे सांगितलेलं नव्हतं. नवऱ्याला नाही, लेकीला तर नाहीच नाही.

तिच्या स्वयंपाकघरात एकाही डब्यावर चिठ्ठी नव्हती. ही या घरातली जुनी मिजास. लेक लहान असताना शाळेतून रंगीत कागद घेऊन आली होती, सगळ्या डब्यांवर नावं लिहून चिकटवते म्हणाली होती, तेव्हा तिने हसून ते कागद परत केले होते. ज्याला नाक नाही त्याने नावं लिहावीत, असं काहीतरी ती बोलली होती. बोलायला काय जातं! बिस्किटांच्या कारखान्यात भट्टीच्या तोंडाशी उभं राहण्यात तिचं सगळं आयुष्य गेलं होतं. पट्ट्यावरून खाली येणाऱ्या बिस्किटांचा रंग बघायला मशीन होतं, जाडी मोजायला मशीन होतं, पण लोणी जरा खवटाकडे झुकलंय की नाही हे सांगायला ती होती. सगळे तिला नाकबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं. माणसाला आपला एखादा अवयव इतका आवडू नये. आवडला की देव तो बरोबर लक्षात ठेवतो.

आज सणाचा दिवस होता. दुकानं बंद, रस्ता मोकळा, खालच्या मजल्यावरून सकाळपासून भांड्यांचे आणि पाहुण्यांचे आवाज. लेक आणि जावई बाळाला घेऊन जेवायला येणार होते. रविवारी लेकीची रजा संपत होती. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. सोमवारपासून नातू ढब्बू दिवसभर आजीकडे राहणार असं ठरलेलं होतं. ठरवलं लेकीनेच होतं, पण परवा फोनवर बोलताना तिचा आवाज जरा घुटमळला होता. "आई, तुला जमेल ना गं नक्की? नाहीतर दोन गल्ल्या सोडून पाळणाघर आहे, मी बघून आलेय." तेव्हा ती इतकी फणकारली होती की लेकीने घाईघाईने विषय बदलला होता. पाळणाघर! सख्खी आजी हातापायांनी धड असताना पाळणाघर! फोन ठेवल्यावर मात्र ती बराच वेळ स्टुलावर बसून राहिली होती. हातापायांनी धड, हे खरंच होतं. सोमवार हातातून जाऊ द्यायचा नाही, एवढं एकच तिला कळत होतं. कारखाना सुटल्यापासून तिच्याकडे कुणाचं काही अडलेलं नव्हतं, आणि कुणाचं तरी आपल्यावाचून अडावं, ही भूक फार वाईट.

गोड काय करायचं हेही लेकीनेच सांगितलं होतं. ढब्बूला अजून वर्ष व्हायचं होतं, तेव्हा साखर नको, मध तर मुळीच नको, सगळं मऊ हवं. सफरचंद आणि नासपती बारीक चिरून शिजवायची, गोडीला त्यातच खजूर कुस्करायचा, दालचिनी थोडी, आणि वर ओट्सचं पीठ लोण्यात चोळून त्याचा चुरा पसरून भाजायचा. क्रम्बल म्हणतात त्याला. "म्हणजे आपल्या सगळ्यांना एकच गोड, आणि त्यालाही त्यातलंच देता येईल. पहिल्यांदा सगळ्यांच्या ताटातलं जेवेल तो," लेक म्हणाली होती. ओट्सचं पीठही तीच मागच्या आठवड्यात देऊन गेली होती, आणि हिने ते रीतीप्रमाणे डब्यात ओतून पिशवी फेकून दिली होती. बदामाचा डबा मात्र घरात असायलाच नको होता. उन्हाळ्यात कुणाच्या तरी घरी ढब्बूला बदामाच्या वडीचा एवढासा तुकडा चाटवला गेला आणि बघता बघता त्याचे ओठ सुजले, मान लाल झाली, जावयाने त्याला छातीशी धरून रस्त्यावरून पळत दवाखाना गाठला. पुढच्या तपासण्या होईपर्यंत बदामाचा कणही पोटात जाता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याच संध्याकाळी लेक म्हणाली होती, "आई, घरातले बदाम काढून टाक." आणि ती म्हणाली होती, "अगं, तुझे बाबा सकाळी दुधात घेतात. चांगली वस्तू टाकायची कशाला? मला काय वासाने कळत नाही?" तेव्हा कळत होतं.

आता न कळून चालणार नव्हतं. तिने खिडकीशी जाऊन दोन्ही डबे उजेडात धरले. मग चिमटीत थोडं पीठ घेऊन चोळलं. नाक गेलं म्हणून काय झालं, बोटं होती ना. डावीकडचं कोरडं लागलं, खडूसारखं. उजवीकडचं बोटाला किंचित चिकटलं, तेलकट झाक सोडून गेलं. म्हणजे उजवीकडे बदाम. तिने पुन्हा चोळून बघितलं, पुन्हा तेच. तिला इतकं बरं वाटलं की ती एकटीच हसली. असं एकेक करून सगळं जमवता येईल की. दुधाला उकळी आणून बघायची, फाटलं की कळतं. गॅसची कळ निजताना हात लावून तपासायची. लंगोट दर थोड्या वेळाने उघडून बघायचा. जगात जन्मापासून नाक नसलेली माणसं असतील, ती काय पोरं सांभाळत नसतील? तिने दोन्ही झाकणं लावली, डबे ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले, डावा तो ओट्स असं मनाशी घोकलं, आणि सफरचंदं चिरायला घेतली. फोडी पातेल्यात पडताना होणारा आवाज आणि सुरीला लागणारा गर यातच तिने मन लावलं. दालचिनीची मात्र कांडीच होती, डोळ्यांना दिसणारी, ती तिने बिनधास्त किसली. तिची जुनी ऐट अशी मधेमधे परत यायची.

बेल वाजली तेव्हा फळं शिजत आली होती. दार नवऱ्याने उघडलं. बेल त्याला ऐकू आली, कारण कानातलं यंत्र आज त्याने सणाचं म्हणून घातलं होतं. या यंत्राचं घरात केवढं कौतुक झालं होतं! तो ऐकेनासा झाला तेव्हा सगळे हसले, त्याने "काय? काय?" करत सगळ्यांना आणखी हसवलं, आणि एके दिवशी लेक त्याला घेऊन गेली आणि यंत्र बसवून आणलं, संपलं. कान गेलेला माणूस गमतीचा होतो. नाक गेलेल्या बाईचं काय होतं हे तिला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. "आलो बरं का आजी!" जावई ढब्बूच्या वतीने ओरडला. लेक थेट आत आली, तिच्या गालाला गाल लावला, खांद्यावरची मोठी बॅग पॅसेजमध्ये ठेवली. "सोमवारचं सगळं आहे त्यात. कपडे, लंगोट, त्याची गोधडी. आत्ताच आणून ठेवलं, म्हणजे सकाळी धावपळ नको." मग ओट्यावर जागा करून तिने ढब्बूची वाटी, चमचा, बाटली असं सगळं मांडलं आणि बोलता बोलता बाहेर गेली. त्या एका वाक्याने आईचा ऊर कसा भरून आला! सोमवारचं सगळं आहे त्यात. बॅग आली म्हणजे सोमवार आलाच. त्याच भरात तिने डावा डबा उघडला, परातीत पीठ घेतलं, लोण्याचे तुकडे टाकले आणि दोन्ही हातांनी चोळायला लागली.

चुरा अगदी हवा तसा होत आला होता. बोटांतून सुटून खाली पडत होता, ओल्या वाळूसारखा. तेवढ्यात तिची नजर ढब्बूच्या वाटीवर गेली. वाटी ओट्यावर होती, बरोबर त्या जागी, जिथे मघाशी डावा डबा होता. म्हणजे लेकीने डबे हलवले होते. वाटीला जागा करायला तिने ते बाजूला सारले असतील. एकदम सरकवले असतील तर डावा डावाच राहिला. पण एकेक उचलून ठेवले असतील तर? तिने आठवून बघितलं. लेकीची पाठ आठवली, नवी साडी आठवली, बोलणं शब्द न् शब्द आठवलं, हात आठवेनात. सगळं फार सावकाश चालू लागलं. घाबरायचं कारण नाही, ती स्वतःला म्हणाली, बोटांनी पुन्हा बघ. तिने एका डब्यात चिमूट घातली, चोळली. तेलकट. दुसऱ्यात घातली. तेलकट. मग तिचं आपल्या हातांकडे लक्ष गेलं. दोन्ही हात मनगटापर्यंत लोण्याने माखलेले होते. ते हात आता त्या दोन्ही डब्यांत जाऊन आले होते.

तिने नळाखाली हात धरले, साबण लावला, पुसले, पुन्हा बघितलं. हात ओलसर होते, पीठ बोटांना चिकटत होतं, दोन्हीकडचं चिकटत होतं. थोडं जिभेवर ठेवलं. नाक गेल्यापासून जिभेवर खारट आणि गोड एवढंच उरलं होतं, बाकी सगळं जेवण म्हणजे निरनिराळ्या प्रकारचा कापूस. हे खारटही नव्हतं, गोडही नव्हतं. "काय करतेयस, चाखतेयस काय कोरडं पीठ?" लेक दारात उभी होती, हसत. "लहान मुलासारखी. दे इकडे, मी लावते आत." आणि तिने शिजलेली फळं काचेच्या भांड्यात ओतून त्यांवर परातीतला चुरा पसरलासुद्धा, सराईत हाताने, वरून थोपटून, आणि भांडं उचलून ओव्हनमध्ये सरकवलं. ओव्हनचं दार लागलं त्याचा आवाज तिला कारखान्यातल्या भट्टीच्या दारासारखा ऐकू आला. तिथे एकदा आत गेलेलं बाहेर काढता येत नसे. इथे येत होतं. नुसतं म्हणायचं होतं, थांब गं, मला खात्री नाही. लेकीने विचारलं असतं, कशाची? मग सगळंच सांगावं लागलं असतं. तिने ओट्यावरचं सांडलेलं पुसायला घेतलं. पॅसेजमधली बॅग तिथून दिसत होती.

मग त्यांनी ढब्बूला तिच्या मांडीवर दिलं. जड झाला होता, गरम होता. त्याने आधी तिचा चष्मा ओढला, मग नाकच पकडलं. तिने त्याच्या टाळूवर ओठ टेकवले आणि हळूच श्वास आत ओढला, खूप खोल, पार पोटापर्यंत, आणि काहीच आलं नाही. सगळ्यांत वाईट हेच होतं. जेवणाचं काय, जेवण पोटाला. पण हा तिला सापडतच नव्हता. मांडीवर होता, हाताला लागत होता, तरी काचेपलीकडे ठेवल्यासारखा वाटायचा. याची आई एवढीशी होती तेव्हा डोळे मिटूनसुद्धा शंभर पोरांतून तिने ती शोधून काढली असती. आणि तीही आईला तशीच शोधायची. दुसऱ्या पाळीवरून घरी यायला उशीर व्हायचा, पोर अंधारात अर्धवट झोपेत असायची, आणि ही जवळ वाकली की डोळे न उघडता म्हणायची, "बिस्किट आलं." केस धुतले, कपडे बदलले तरी तो भाजल्या लोण्याचा वास अंगातून जायचा नाही. तेव्हा तिला त्याची लाज वाटायची. "आई," जावई म्हणाला, "तुमच्या मांडीवर साहेबांनी कार्यक्रम उरकलाय. तुम्हाला पत्ताच नाही!" ती दचकली. सगळे हसले. "नातवाचं आहे, मला अत्तरच ते," ती म्हणाली, आणि पुन्हा सगळे हसले, आणि तिची मान घामाने ओली झाली. नवरा मात्र हसला नाही. तो तिच्याकडे बघत होता. तिने नजर फिरवली.

जेवताना ओव्हन चालू होता. नवरा मधेच म्हणाला, "वास काय सुटलाय!" जावई म्हणाला, "सबंध जिन्यात सुटला असेल, आता शेजारी ताटं घेऊन येतील." लेकीने नुसतं डोळे मिटून मान वर केली, आणि तिचा चेहरा क्षणभर लहानपणीचा झाला. आई उठून ओव्हनच्या काचेसमोर जाऊन उभी राहिली, रंगाकडे बघत. चुरा कडेने सोनेरी होत होता. बदामही असाच भाजला जातो, ओट्सही. आत दिवा होता, आणि त्या उजेडात तिला आपलाच चेहरा काचेत दिसत होता. भांडं हातातून पडलं तर? तिने तो विचार पूर्ण करून बघितला. भांडं पडेल, फुटेल, सगळे अगंबाई म्हणतील, लेक म्हणेल जाऊ दे गं, तुझ्या हाताला लागलं नाही ना. ढब्बू वाचेल, तिची अब्रू वाचेल, बॅग जिथल्या तिथे राहील. इतकं सोपं होतं. मग सोमवार येईल. सोमवारी सकाळी लेक जाईल, दार बंद होईल, आणि नवरा बाहेर पडला की या घरात ढब्बू आणि ती आणि हे डबे, एवढेच राहतील. रोज रोज काय पाडणार ती?

तिने भांडं नीट दोन्ही हातांनी धरून टेबलावर आणलं. सगळ्यांच्या बशा भरल्या. लेकीने ढब्बूच्या वाटीत एक चमचा घातला, वरचा चुरा आणि खालचं मऊ फळ, आणि त्याच्या गळ्यात लाळेरं बांधलं. "थांब," ती म्हणाली, "गरम आहे." लेक थांबली, वाटीवर फुंकर घालायला लागली. जावयाने स्वतःचा पहिला घास घेतला आणि तोंड उघडं ठेवून हाशहुश करत मान डोलावली. ढब्बूने टेबलावर हात आपटला. "त्याला नुसतं खालचं सफरचंद दे," ती म्हणाली, "चुरा घशात अडकेल." "अगं मऊ आहे, बघितलं मी. त्याच्यासाठी तर केलंयस." "तरी गरम असेल आत." लेक पुन्हा फुंकली. नवरा म्हणाला, "राहू दे त्याला जरा," आणि तो हे का म्हणाला ते कुणाला कळलं नाही. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. खालच्या मजल्यावर कुणीतरी मोठ्याने हसलं. ढब्बू आता हात पुढे करून रडायच्या बेतात आला होता, सगळे खातायत आणि आपल्याला देत नाहीत हे त्याला बरोबर समजलं होतं. लेकीने करंगळी वाटीत बुडवली आणि ती आईपुढे धरली. "आई, गार झालंय. हे बघ, पार गार झालंय. आता काय?" आणि चमचा उचलला.

"मला वास येत नाही," ती म्हणाली.

चमचा अधांतरी राहिला. "कसला वास?" लेक म्हणाली.

"कसलाच. ताप आला होता ना, तेव्हापासून. डबे तू हलवलेस, मला वाटतं. मी कुठला घेतला मला माहीत नाही. त्यात बदाम असतील."

लेकीने चमचा खाली ठेवला नाही, टाकला. ढब्बूला उचलून तिने त्याचे हात पुसले, तोंड उघडून आत बोट फिरवलं, त्याने काही खाल्लेलं नव्हतं तरी. तो किंचाळायला लागला. मग नवऱ्याने हळूच कानातलं यंत्र काढलं, हातात फिरवलं, पुन्हा घातलं. "मला माहीत होतं," तो म्हणाला. "दूध नासलं की मीच ओतून टाकतोय मोरीत. मला वाटलं, येईल नाक परत." ती त्याच्याकडे बघतच राहिली. इतके दिवस एका घरात दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती. "बाबा!" लेक म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं? आणि सोमवारी मी त्याला इथे ठेवून जाणार होते!" "त्याला यायचं होतं ना गं इथे," तो म्हणाला, आणि हे किती बावळट वाक्य आहे ते त्याचं त्यालाच कळलं असावं.

लेकीने ढब्बूला जावयाकडे दिलं आणि स्वयंपाकघरातून दोन्ही डबे आणले. झाकणं काढली. एक आईच्या नाकाखाली धरला, मग दुसरा. दिवसभर दुकानात लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलते त्याच हाताने, त्याच आवाजात तिने विचारलं, "पहिला की दुसरा?" तिला वाटलं लेक चेष्टा करतेय. पण लेकीचे डोळे भरलेले होते, ती खरंच तपासत होती. "सांग ना. पहिला की दुसरा?" "सारखेच आहेत," ती म्हणाली. "पुन्हा बघ." "सारखेच आहेत गं." लेकीने स्वतः वास घेतला. "हा बदाम. हा ओट्स. इतकं साधं आहे, आई." मग ती टेबलावरच्या भांड्यावर वाकली. डोळे मिटून तिने वास घेतला, बराच वेळ घेतला, आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तू बघ," ती आपल्या नवऱ्याला म्हणाली. जावयाने ढब्बूला सांभाळत वाकून हुंगलं. "दालचिनी," तो म्हणाला. "लोणी." सासऱ्यांनीही येऊन नाक घातलं. जावयाने आणखी एक घास तोंडात घोळवला. "बदाम वाटतोय," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "किंवा नाही वाटत." धड नाकांची तीन माणसं त्या भांड्याभोवती वाकून उभी होती आणि एकालाही सांगता येत नव्हतं. एरवी तिने त्यांची चांगली थट्टा केली असती. जुन्या सवयीने तिची मान आपोआप पुढे झाली, आता नाकबाईने यावं आणि निकाल द्यावा अशी वेळ होती, आणि मग ती तशीच खुर्चीत मागे टेकली.

सगळं भांडं कचऱ्यात गेलं. बशांतलंही गेलं. ढब्बूला बाटली दिली, तो हुंदके देत देत प्यायला आणि जावयाच्या खांद्यावर झोपला. लेकीने एकामागून एक विचारलं, डॉक्टरांच्या खोलीत विचारतात तसं. गॅस सुटला तर कळेल? नाही. काही जळत असेल तर? धूर दिसला तर. शी केली तर? बघावं लागतं. दूध? नाही. प्रत्येक नाही म्हणताना तिला वाटलं आपण कमी कमी होत चाललोय, आणि तरी एकेक नाही म्हटल्यावर श्वास जरा खोल जात होता, हे तिला विचित्र वाटलं. "एकदा सांगायचंस," लेक म्हणाली. आता तिचा आवाज चढला. "एकदा तरी! बाबांचे कान गेले तेव्हा काय केलं आपण? टाकून दिलं त्यांना?" तिला उत्तर द्यायचं होतं, की कानाचं वेगळं आहे, तुझे बाबा कानाने मोठे झाले नव्हते. पण ते लेकीला सांगायचं म्हणजे सगळं आयुष्य सांगावं लागलं असतं. "मला तो हवा होता," एवढंच ती म्हणाली.

ते निघाले तेव्हा दुपार कलली होती. जावई झोपलेल्या ढब्बूला घेऊन दारात उभा होता. पॅसेजमध्ये बॅग होती, आणि लेक बॅगेजवळ येऊन नुसतीच उभी राहिली, चपला घालण्यात नको इतका वेळ लावत. तिला दिसलं की लेकीला ते वाक्य बोलता येत नाहीये. आईच ती, पोरीच्या घशात अडकलेलं तिनेच काढायचं. तिने बॅग उचलली, जड होती, आणि लेकीच्या खांद्याला लावली. "सोमवारी पाळणाघरात ने," ती म्हणाली. "मीही जाईन डॉक्टरकडे. बदामाचा डबाही घेऊन जा. आता मला डब्यांवर नावं लिहावी लागतील." लेकीने मान हलवली. बॅगेचा पट्टा घट्ट धरला. जिन्याकडे वळली.

"त्याच्या डोक्याचाही येत नाही," ती मागून म्हणाली. हे सांगायचं ठरलेलं नव्हतं. "त्याला जवळ घेते आणि काहीच येत नाही गं. तू कशी ओळखू यायचीस! हा मला सापडतच नाही."

लेक थांबली. मागे फिरली, जावयाच्या खांद्यावरच्या झोपलेल्या डोक्याशी गेली, आणि त्या विरळ केसांत नाक खुपसून उभी राहिली. बॅग खांद्यावरून घसरत होती, तिने सावरली नाही. "दुधाचा आहे," ती म्हणाली. "जरा आंबट. कानामागे साबणाचा." ती पुन्हा वाकली. या खेपेला तिने फार वेळ लावला, काहीतरी हरवलेलं शोधावं तसा. आई दारात उभी राहून ऐकत होती, डोळे मिटून, कारण आता फक्त ऐकायचंच होतं.

"आणि भाजल्या लोण्याचा," लेक म्हणाली. "तुझ्या मांडीवर बसला होता ना. तू कामावरून यायचीस तसा येतोय, आई. बिस्किट."